डावा कॅमेरा, उजवा कॅमेरा

३ मार्च, मंगळवार

आधी घटना, मग मते. मतांची माझ्याकडे कधी टंचाई नसते. घटना मात्र लोक सोयीने विसरतात, म्हणून क्रमाने.

एक. चौदा फेब्रुवारीला नाट्यगृहात एका वृद्ध नटाचा निरोप समारंभ झाला. चित्रीकरण आमचे. मुख्य कॅमेऱ्यावर मी, दुसऱ्या कॅमेऱ्यावर माझा धाकटा भाऊ. गेली बारा वर्षे हीच मांडणी आहे.

दोन. शेवटच्या भाषणाच्या वेळी नटाने रंगमंचावरचे सगळे दिवे मालवायला लावले आणि एका कंदिलाच्या उजेडात तो बोलला. कल्पना त्याची. आम्हाला आधी कळवण्याची कल्पना मात्र कोणालाच सुचली नाही.

तीन. समारंभानंतर तोच कंदील पेटवून मी प्रकाशमापक धरला. सहा लक्स. वर्तमानपत्र धड वाचायचे तर तीनशे लागतात.

चार. आमचे दोन्ही कॅमेरे आठ वर्षांचे आहेत. सहा लक्सला त्यांनी जे टिपले त्यात नट थोडा आणि मुंग्या फार. प्रेक्षागृह उभे राहून रडत होते, हे केवळ आवाजावरून कळते.

पाच. आज व्यवस्थापकांचे पत्र आले. यापुढची तीन वर्षे नाट्यगृहातले सगळे चित्रीकरण एकाच संस्थेला द्यायचे ठरले आहे. जादा दिवे लावता येणार नाहीत. तेरा मार्चला एका नृत्यमंडळीची रंगीत तालीम आहे. तीच आमची चाचणी. ‘गेल्या खेपेचा अनुभव लक्षात घेता ही संधी केवळ जुन्या संबंधांखातर देत आहोत.’ वाक्याची रचना निर्दोष आहे. म्हणूनच जास्त झोंबले.

सहा. धाकट्याला एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे. गोदामांत पहाऱ्याचे कॅमेरे बसवायचे. उत्तर महिनाअखेर द्यायचे आहे. नाट्यगृहाचे काम हातचे गेले तर तो जाईल. तसे तो म्हणाला नाही. तो सहसा काहीच म्हणत नाही. नेमणुकीचा कागद त्याने जेवणाच्या टेबलावर मला दिसेल असा ठेवला, आणि पाणी प्यायला निघून गेला.

सात. तेव्हा दहा दिवसांत अंधुक उजेडात चालणारा कॅमेरा निवडायचा आहे. एकच. दोन परवडत नाहीत.

आता मत. गोदामातल्या खोक्यांवर नजर ठेवण्यासाठी बारा वर्षांचे शिक्षण वाया घालवणे हा गुन्हा आहे. शिक्षण मी दिलेले आहे.

४ मार्च, बुधवार

धाकटा आणि मी कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. विक्रेता माझा एकेकाळचा विद्यार्थी. प्रकाशयोजनेच्या विषयात नापास झाला होता. मीच केले होते. अजूनही मला पाहिले की त्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो.

“मॅडम, हा बघा. अंधारात मांजरासारखा बघतो.”

“मांजर चित्रीकरण करतं का?”

“नाही मॅडम.”

“मग मांजराला बाजूला ठेव आणि आकडे सांग.”

आकडे त्याला येत नव्हते. ‘एकदम भारी’, ‘लोक घेऊन जातात’, ‘परत कोणी आणून दिला नाही’ हे तीन आकडे त्याने आलटून पालटून सांगितले. परत कोणी आणून दिला नाही हा गुण असेल तर तो शवपेटीलाही आहे.

मी माहितीपुस्तिका वाचत होते तेव्हा धाकटा एकेक कॅमेरा उचलून डोळ्याला लावत होता. छताचा पंखा टिपला. दारातून आत येणारे गिऱ्हाईक टिपले. रस्त्यावरून सायकल गेली, तिच्या मागे अर्धा वळला.

“ताई, हा हातात छान बसतो.”

“हातात बसणं हा कॅमेऱ्याचा निकष नाही. तो वांग्याचा असेल.”

विक्रेता हसला. मी पाहिल्यावर थांबला.

तीन कॅमेरे चौदा तारखेपर्यंत वापरून पाहायला मिळाले. कंपन्यांच्या नावांनी मन कलुषित होते, म्हणून त्यांवर चिकटपट्ट्या लावून मी क, ख, ग अशी अक्षरे घातली. आई म्हणाली, “बालवाडी काढलीस का?”

६ मार्च, शुक्रवार

अडगळीच्या खोलीत चाचणी. पद्धत मी शिकवत असे त्या चित्रपट-संस्थेतलीच: खिडकीवर काळे कापड, एक दिवा, त्यापुढे तेलकागद, प्रकाश मोजून सहा लक्स. समोर रंगपट्टी, हिरवी बाटली, आणि प्लास्टरचे डोके. हे डोके मी शिकत होते तेव्हापासून माझ्याकडे आहे. त्याचे नाक थोडे उडाले आहे, पण कपाळ आणि गाल यांवर सावली कशी उतरते ते यासारखे कोणी सांगत नाही. जिवंत माणूस कंटाळतो, जांभई देतो, ‘झालं का’ विचारतो. डोके विचारत नाही.

ग पहिल्याच तासात बाद. स्वतःहून फोकस शोधण्याचा त्याला मोठा अभिमान. सहा लक्सला तो अंधारात चष्मा चाचपडणाऱ्या म्हाताऱ्यासारखा मागे-पुढे होत राहिला. डोके त्याच्यापासून दीड मीटरवर, स्थिर. आणखी किती सोपे करायचे?

ख: फोकस ठीक, रंग ठीक, पण काळ्या भागांत दाणे. बारीक वाळू शिंपडल्यासारखे.

क: येथे मला पेन खाली ठेवावे लागले. सावली काळी, आणि काळी म्हणजे स्वच्छ काळी. दाणा नाही, मुंगी नाही. उडालेल्या नाकाच्या कडेची भेगसुद्धा वेगळी दिसली. सहा लक्सला! मी दिवा आणखी मंद केला. चार लक्स. तरी तेच.

आई दारातून डोकावली. पूर्ण अंधार, त्यात मी, आणि समोर एक मुंडके.

“त्याला विचार, जेवणार आहे का.”

७ मार्च, शनिवार

धाकट्याने आज पद्धतीविषयी शंका काढली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

“ताई, डोक्याच्या जागी मी उभा राहू का?”

“कशाला?”

“असंच. माणूस म्हणून.”

“तू हलतोस.”

“हो ना. तेच म्हणतोय.”

मी त्याला समजावले की तुलना करायची तर एकच गोष्ट बदलायची असते, आणि ती म्हणजे कॅमेरा. प्रकाश तोच, अंतर तेच, वस्तू तीच. वस्तू हलू लागली की दोष कॅमेऱ्याचा की वस्तूचा हे कळायचे कसे? हे मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवत असे. त्याने मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्यात होकार किती आणि ‘बोलून उपयोग नाही’ किती, हे मोजणारे यंत्र अजून निघाले नाही.

९ मार्च, सोमवार

मोठ्या पडद्यावर क आणि ख शेजारी शेजारी लावले. मी तक्ता केला होता: सावली, त्वचा, रंग, कडा, दाणे. पाच विषय, प्रत्येकी वीस गुण. क ला चौऱ्याण्णव. ख ला एकसष्ट. इतके स्पष्ट निकाल परीक्षेत लागत नाहीत.

धाकट्याला विचारले. तो म्हणाला, “मला ख.”

“कारण?”

“बरा वाटतो.”

“बरा वाटतो हे ज्वरानंतर म्हणतात. कारण दे.”

त्याने डोके खाजवले. मग खिशातून कॅमेऱ्याचे कार्ड काढले. काल संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरात दिवा घालवून, गॅसच्या उजेडात, क आणि ख दोन्हींनी आईला टिपले होते. ती कप विसळत होती. दहा दहा सेकंद. “हे बघ फक्त. दहा सेकंद.”

मी विचारले, प्रकाश मोजला होतास का? नाही. अंतर? साधारण ओट्याएवढं. दोन्ही वेळी आईने तोच कप विसळला का? “कप असेल तोच, आई वेगळ्या मूडमध्ये होती.”

मी ते पाहिले नाही. न मोजलेली चाचणी पाहिली की डोळ्यात मत शिरते, आणि मग तक्ता करण्यात अर्थ उरत नाही. हे मी त्याला नीट, न चिडता सांगितले. हरकत असेल तर कारणे लेखी दे, असेही सांगितले.

“ताई, घरातल्या घरात लेखी?”

“घरातल्या घरातच जास्त गरज असते.”

त्याने कार्ड परत खिशात टाकले.

१० मार्च, मंगळवार

क निवडला. निर्णयाची एक प्रत धाकट्याला दिली. त्याने ती वाचली, चार घड्या घातल्या, आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली. टेबल आता हलत नाही. कागदाचा उपयोग झाला.

१२ मार्च, गुरुवार

जागा पाहण्यासाठी नाट्यगृहात. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ आहेत. प्रत्येक वाक्य ‘खरं तर’ने सुरू करतात, त्यामुळे बाकीचे काय असते असा प्रश्न पडतो. उद्या त्यांना दुसरीकडे बैठक आहे, तालमीला येणार नाहीत. चित्रीकरण नंतर पाहतील.

मी सांगितले की दोन्ही कॅमेऱ्यांचे चित्रीकरण जसेच्या तसे देऊ, जोडाजोड न करता. आणि कोणत्या कॅमेऱ्यामागे कोण उभे होते हे सांगणार नाही. डावा आणि उजवा, एवढेच. निर्णय चित्र पाहून व्हावा, नाव पाहून नको.

“खरं तर त्याची गरज नाही हो, तुमचं काम आम्हाला माहीत आहे.”

“गेल्या महिन्यातलं कामही माहीत आहे ना? म्हणूनच.”

ते खोकले.

मग धाकटा आणि मी नृत्यदिग्दर्शिकेला भेटलो. पन्नाशीची बाई, पायांत लोकरीचे मोजे, बोलताना जमिनीकडे पाहते. मी विचारले, रंगमंचावर साधारण किती प्रकाश असेल?

“एक टांगलेला दिवा. तो पण हलतो.”

“आणि बाकी?”

“बाकी अंधार. अंधार आम्ही खूप मेहनतीनं बसवलाय, तेवढा सांभाळा.”

मला बाई आवडली. धाकट्याने तिला विचारले की नाचात मुली पडतात त्या कुठल्या बाजूला. तिने प्रथमच वर पाहिले आणि दोघे रंगमंचावर जाऊन वीस मिनिटे कोण कुठून येते, कुठे वळते हे चालून पाहत राहिले. मी तोवर डाव्या बाजूला तिवईची जागा खडूने आखली.

डावीकडे क, मी. उजवीकडे धाकटा. त्याच्यासाठी जुना कॅमेरा न्यायचा की ख, असे त्याने विचारले. ख आपल्याकडे आहेच, ने, म्हटले. वाळू शिंपडलेला का होईना.

१३ मार्च, शुक्रवार

तालीम झाली. अकरा नर्तक, सव्वा तास, एकही थांबा नाही.

येथे विनय दाखवण्याचे कारण नाही, वही माझी आहे: आज मी उत्तम काम केले. चौकट अशी बसली होती की टांगलेला दिवा झुलत वरच्या कोपऱ्याशी यायचा आणि त्याला स्पर्श न करता परत जायचा. फोकस एकदाही सुटला नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काळोख मखमलीसारखा दिसत होता. मी तिवईपाशी पाऊल न हलवता उभी होते.

धाकटा पलीकडे घामाघूम. कॅमेरा छातीशी धरून गुडघ्यांवर बसतो काय, नर्तकीबरोबर कडेकडेने धावतो काय. मध्ये तर आडवा झाला. तालीम संपल्यावर त्याच्या शर्टाला फळ्यांची धूळ होती. नृत्यदिग्दर्शिकेने ती स्वतः झटकली आणि म्हणाली, “तुम्ही आमच्यातच शोभाल.”

माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “तुमची तिवई अगदी जागच्या जागी होती.” मी आभार मानले. परतताना गाडीत त्या वाक्याचा पुन्हा विचार केला.

१४ मार्च, शनिवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळी दहाला डाव्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण मोठ्या पडद्यावर लावले. पहिली दोन मिनिटे नर्तक निश्चल उभे आहेत. अप्रतिम. फळ्यांच्या रेषा मोजता येतात. मी धाकट्याला म्हटले, “बघ.”

मग ते हलले.

हात वर गेला आणि त्याच्यामागे हाताचा धुरकट शेपटा राहिला. मान वळली, आणि वळता वळता चेहरा कणकेसारखा लिंपला गेला. थांबल्यावर हळूहळू नाक-डोळे परत आले. एक मुलगी धावत गेली तेव्हा धावली ती मुलगी नव्हे, तिचा डाग. रंगमंचावर अकरा नर्तक आणि त्यांच्यामागे अकरा भुते. सव्वा तास. फळ्या मात्र शेवटपर्यंत स्वच्छ.

कारण मला तीन सेकंदांत कळले. कॅमेरा दाणे पुसतो तो मागची-पुढची चित्रे एकमेकांवर घालून. समोरचे स्थिर असेल तर चित्र लख्ख होते. हलत असेल तर कालचा हात आजच्या हातावर येतो. पुस्तिकेत आहे. हे मी वर्गात शिकवलेले आहे. ज्याला नापास केले त्यालाही शिकवले होते.

आणि मी त्याची परीक्षा घेतली ती प्लास्टरच्या डोक्यावर!

मग उजवा लावला. वाळू आहे, जागोजाग आहे. पण प्रत्येक बोट वेगळे दिसते. एक मुलगी मागे पडते. ती पडण्याआधीच कॅमेरा खाली जाऊन तिची वाट पाहत असतो. केस चेहऱ्यावर येतात, एकेक बट. पाच मिनिटांनी वाळू दिसेनाशी झाली. बहुधा ती गेली नसावी. मी पाहणे सोडले असावे.

बारा वर्षे मुख्य कॅमेरा माझा. मुख्य कॅमेऱ्यासमोर वक्ते असतात, सत्कारमूर्ती असतात, खुर्च्या असतात. उभे किंवा बसलेले. नाचणारे, धावणारे, रडून उठून जाणारे, मुले, गर्दी हे सारे ‘दुसऱ्या कॅमेऱ्याचे’ काम म्हणून मी त्याच्याकडे ढकलत आले. हलणारे जग कसे टिपायचे ते मला कोणी विचारले असते तर मी उत्तर दिले असते. उत्तम मराठीत.

दुपारी कार्ड मागून घेतले. आई गॅसच्या उजेडात कप विसळते आहे. क मध्ये तिला हात नाहीत, मनगटापुढे वाफ आहे. दहा सेकंद. खरोखर दहाच.

“तुला माहीत होतं.”

“अंदाज होता.”

“ओरडून सांगायचं होतंस.”

“तुला ओरडून?” तो म्हणाला. “ताई, मी तुझ्याशी बोलताना अजून उभा राहतो. बघ.”

तो उभा होता. मी बसले होते.

दोन्ही चित्रीकरणे पाठवली. डावे गाळता आले असते. गाळले नाही, तसे कबूल केले होते. कॅमेरे दुकानात परत दिले. विक्रेत्याने विचारले, “कोणता पास झाला मॅडम?” ख राखून ठेव, म्हटले. “क चं काय झालं?” मी म्हटले, तो घोकून आला होता.

१६ मार्च, सोमवार

नाट्यगृहाकडून काही नाही. आईने तीनदा विचारले. चौथ्यांदा विचारायला ती हात पुसत उठली तेव्हा मी फिरायला गेले.

१७ मार्च, मंगळवार

पत्र आले. काम आम्हाला मिळाले.

मजकूर असा: ‘डावीकडील चित्रीकरण समाधानकारक नाही. उजवीकडील चित्रीकरण पाहून समिती थक्क झाली. आपल्या दीर्घ अनुभवाचा आणि उच्च शिक्षणाचा ठसा त्यात पदोपदी जाणवतो. उजव्या कॅमेऱ्यामागे आपण स्वतः होता, हे आपल्या बंधूंनी दूरध्वनीवर सांगितले, परंतु ते आम्ही आधीच ओळखले होते. तिन्ही वर्षे मुख्य चित्रणकार म्हणून आपणच राहाल, या अटीवर करार करीत आहोत. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी अधिक सक्षम व्यक्ती नेमावी, अशी नम्र सूचना.’

तीनदा वाचले. उच्च शिक्षणाचा ठसा पदोपदी! शर्टावरच्या धुळीला ठसा म्हणतात हे नवीन.

धाकटा गाडीची चाके धूत होता. पत्र त्याच्या नाकापुढे धरले. त्याने ओल्या हातांनी न धरता नुसते वाचले.

“मिळालं की.”

“तू खोटं का सांगितलंस?”

“त्यांनीच विचारलं, उजवीकडे ताई होत्या ना. ‘हो’ म्हटलं. एक अक्षर.”

“का?”

“तुला दुसऱ्या कॅमेऱ्यावर ठेवा म्हणाले असते. तुला चाललं असतं?”

मी पत्राची घडी घातली.

“कॅमेरा चुकला ताई. तू कुठं चुकलीस? चौकट बघ ना तुझी, दिवा कसा येऊन जातो.”

“माझी समजूत काढू नकोस.”

“बरं.”

“आणि तुला अधिक सक्षम व्यक्ती शोधायला सांगितलंय, ते वाचलंस?”

“वाचलं. मी गोदामात जाईन. तिथं खोकी असतात, हलत नाहीत.” मग फडके पिळत म्हणाला, “तुला आवडली असती ती नोकरी.”

बारा वर्षांत त्याने मला मारलेला हा पहिला टोमणा. नेमका होता. कुठे बसला हे त्याने पाहिलेही नाही. पुन्हा चाक धुवायला लागला.

तर हिशेब असा की माझे नाव राहावे म्हणून त्याने स्वतःचे काम मला दिले, आणि माझे काम स्वतःच्या नावावर घेऊन तो घराबाहेर पडायला निघाला. दया करायची तर आधी विचारायचे असते. मी कोणाच्या दयेवर कधी पास झालेले नाही. मग लक्षात आले की आज झाले आहे. पत्र आहे तसे, लेखी.

१८ मार्च, बुधवार

आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, “गप्प राहिलीस तर काय बिघडतं? काम घरातच आलंय ना.”

“तो चाललाय गोदामात.”

“मग त्याला थांब म्हण.”

“कोणत्या तोंडानं?”

“आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?”

संध्याकाळी नाट्यगृहाला आभाराचे पत्र लिहून पाहिले. सुरेख उतरले. एकही विधान खोटे नव्हते. फक्त खरे एकही नव्हते. फाडले.

१९ मार्च, गुरुवार

उत्तर दिले नाही. दिवसभर लेन्स पुसल्या. स्वच्छ होत्या.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी नाट्यगृहाला कळवले: डावीकडे मी होते, उजवीकडे माझा भाऊ, ज्याचे काम तुम्ही निवडले त्याच्याशी करार करावा. दुपारी त्यांचे ‘खरं तर’ आले आणि त्यामागून होकार. त्यानंतर धाकट्याच्या टेबलावर ठेवलेल्या कागदाची ही नक्कल:

‘मा. मुख्य चित्रणकार यांस. आपल्या दुसऱ्या कॅमेऱ्याची जागा रिकामी झाल्याचे समजते. तिच्यासाठी अर्ज करीत आहे. अनुभव एकवीस वर्षे, त्यांतील बराचसा तिवईमागे. स्वभावाबद्दल आपणास माहिती आहे. शिकण्याची तयारी आहे. हे वाक्य मी यापूर्वी कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही. गोदामवाल्यांना काही कळवण्याआधी या अर्जाचा निर्णय व्हावा. मान डोलावणे ग्राह्य धरले जाणार नाही. होकार असो वा नकार, रविवारपर्यंत लेखी उत्तर द्यावे. — ताई’